शिरपूरच्या जिनिंगचा फोन सतत ‘एंगेज’ का लागायचा? गेटवेचं कॉल प्रोफाइल, सोप्या भाषेत

“भाऊ, सकायपाईन फोन लाई ऱ्हायनू, तुमना फोन नुसता एंगेज.”

फाटकावर ट्रॅक्टर उभा करून खाली उतरलेल्या शेतकऱ्याचं हे पहिलं वाक्य. ट्रॉलीत कापूस भरलेला, आणि घरून निघताना त्याला एवढंच विचारायचं होतं की आज काटा चालू आहे का आणि भाव काय. दिवाळी तोंडावर आलेली. शिरपूरच्या त्या जिनिंगमध्ये दोन लाइन होत्या आणि दोन्ही दिवसभर एंगेज. आत ऑफिसात मात्र दिवाणजी म्हणत होते, “सकाळपासून फोनच आला नाही.”

दोघंही खरं बोलत होते. मधे भिंतीवर, रुईची धूळ बसलेल्या एका छोट्या लोखंडी पेटीत, व्हीओआयपी (इंटरनेटवरून फोन) गेटवे होता. त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं की फोन आला तर काय करायचं आणि संपला हे कसं ओळखायचं. हे सांगणं म्हणजेच कॉल प्रोफाइल. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात मी बरीच वर्षं फोन आणि नेटवर्कची कामं करतो. गेटवे बिघडलेला फार कमी वेळा सापडतो. त्याला अर्धवट सूचना देऊन लोक निघून गेलेले असतात, हे मात्र नेहमी सापडतं.

आधी गेटवे म्हणजे काय ते बघू. जुनी टेलिफोन लाइन तांब्याच्या दोन तारांवर येते. एक्स्चेंजकडून त्या तारांवर सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि आवाज विजेच्या लहरींच्या रूपात जातो. इंटरनेटवरचा फोन वेगळा. तिथे आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून पाकिटांतून पाठवतात आणि कॉल जोडण्या-तोडण्याचं बोलणं एसआयपी नावाच्या भाषेत होतं. गेटवे हा या दोघांमधला दुभाषा. त्याला दोन प्रकारची तोंडं असतात. एफएक्सओ पोर्टमध्ये बाहेरची लाइन येते आणि तिथे गेटवे स्वतः टेलिफोनसारखा वागतो: रिंग ऐकतो, लाइन उचलतो, ठेवतो. एफएक्सएस पोर्टला आपला साधा फोन जोडतात आणि तिथे गेटवे एक्स्चेंजसारखा वागतो: डायल टोन देतो, घंटी वाजवतो. पोर्टचं नाव विसरलात तरी चालेल, पण लाइन चुकून एफएक्सएसमध्ये खुपसू नका. दोन्ही बाजूंनी वीज समोरासमोर येते आणि पोर्ट जळू शकतो.

आता प्रोफाइल. जिनिंगच्या फाटकावरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. मालकानं त्याला सांगून ठेवलेलं असतं: दिवसा कापसाची गाडी आली की थेट काट्यावर सोड, रात्री आठनंतर बाहेर रांगेत लाव, सरकीचा ट्रक मागच्या फाटकानं, अनोळखी माणूस आला तर आधी ऑफिसात विचार. हंगाम संपला की सूचना बदलतात. वॉचमन प्रत्येक गाडीला मालकाला उठवत नाही, त्याच्याकडे सूचनांचा संच असतो. गेटवेतलं कॉल प्रोफाइल अगदी हेच. कोणता कॉल कुठे वाजवायचा, किती वेळ, उचलला नाही तर पुढे कुठे, आवाज कोणत्या पद्धतीनं पाठवायचा, कॉल संपला हे कशावरून ओळखायचं, या सगळ्याला एक नाव देऊन ते जपून ठेवायचं आणि मग ते नाव लाइनला किंवा फोनला चिकटवायचं. चार पोर्टना एकच वागणूक हवी असेल तर एकच प्रोफाइल चौघांना लावता येतं, प्रत्येक ठिकाणी पन्नास रकाने भरत बसावं लागत नाही.

म्हणूनच गेटवेचं सेटिंगचं पान उघडण्याआधी मी वही उघडतो. त्या दिवशी दिवाणजींना पहिला प्रश्न विचारला तो हाच: “फोन आला आणि तुम्ही जागेवर नसलात, तर तो कोणी उचलावा असं तुम्हाला वाटतं?” ते थोडा वेळ गप्प झाले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. गेटवे बसवणाऱ्यानंही नाही.

आता त्या एंगेजची गोष्ट. यावर थोडा वेळ घालवणार आहे, कारण आपल्याकडे गेटवेच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

इंटरनेटच्या बाजूला कॉल संपवणं अगदी स्पष्ट असतं. ज्यानं फोन ठेवला त्याचं यंत्र समोरच्याला ‘बाय’ असा निरोप पाठवतं आणि दोन्हीकडे कॉल बंद होतो. तांब्याच्या लाइनवर असा निरोप बहुतेक वेळा येत नाही. काही एक्स्चेंज समोरच्यानं फोन ठेवला की तारांची धन-ऋण बाजू उलटवतात, काही क्षणभर वीज तोडतात. असं काही मिळत असेल तर ते उत्तमच, प्रोफाइलमध्ये तेच चालू करावं. पण पुष्कळ ठिकाणी एक्स्चेंज फक्त टोन वाजवतं: टूं, टूं, टूं. माणूस तो ऐकतो आणि रिसीव्हर ठेवतो. गेटवेला मात्र टूं-टूं म्हणजे काय ते शिकवावं लागतं. शिकवलं नाही तर तो इमानदारीनं लाइन धरून बसतो. समोरचा केव्हाच निघून गेलेला असतो आणि बाहेरच्या जगाला आपली लाइन एंगेज दिसते.

पेटी उघडून लाइन बाहेर काढली आणि साधा फोन लावला. मोबाइलवरून त्याच नंबरला रिंग दिली, उचलला, मग मोबाइल बंद केला आणि रिसीव्हर कानाला लावून घड्याळाकडे बघत राहिलो. आवाज पाऊण सेकंद, शांतता पाऊण सेकंद, पुन्हा आवाज. भारतातला एंगेज टोन हाच: ४०० हर्ट्झ, ७५० मिलिसेकंद चालू, ७५० मिलिसेकंद बंद. मग गेटवेच्या पानावर टोनचा देश बघितला. अमेरिका! तिथला एंगेज टोन दोन सूर मिसळून होतो, ४८० आणि ६२० हर्ट्झ, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा बंद. गेटवे महिनाभर त्या सुरांची वाट बघत होता, जे शिरपूरच्या लाइनवर कधीच वाजणार नव्हते. देशाचा रकाना कारखान्यातून आला तसाच राहिला होता, बसवणाऱ्यानं त्याला हात लावला नव्हता.

तिथे भारत निवडलं की बरंच आपोआप बसतं, पण मी तरी आकडे डोळ्यांनी बघतो. ४०० हर्ट्झ, ७५०, ७५०. लाइनवर जागा नसेल तेव्हाचा टोन वेगळा, त्याच सुराचा पण भराभर: २५० मिलिसेकंद चालू, २५० बंद. तोही भरून ठेवावा. त्याच्या शेजारी एक रकाना असतो: टोन किती फेऱ्या ऐकल्यावर फोन ठेवायचा. पारोळ्याच्या एका दुकानात मी तो एकावर सोडला होता, आणि लोकांचं बोलणं मधेच तुटायला लागलं. माणसाच्या आवाजातही क्षणभर त्या सुराजवळचा सूर येतो, आणि गेटवेला वाटतं कॉल संपला. तेव्हापासून मी चार फेऱ्या ठेवतो. एक फेरी दीड सेकंदाची, म्हणजे समोरच्यानं ठेवल्यावर सहा सेकंदांत लाइन मोकळी. यावर आणखी एक झडप म्हणून ‘ठरावीक वेळ शांतता असेल तर फोन ठेव’ अशी सोय असते. ती चालू करा, पण वेळ दोन-तीन मिनिटांचा द्या. नाहीतर कोणी “थांबा, वजन बघून सांगतो” म्हणून काट्याकडे गेला की फोन कटेल.

एवढं केल्यावर दोन्ही लाइन मोकळ्या झाल्या आणि पाच मिनिटांत पहिली घंटी वाजली.

आता येणाऱ्या कॉलचा रस्ता. वहीत आम्ही लिहिलं: आधी दिवाणजींचं टेबल, मग काटा, मग मालकांचा मोबाइल. ऐकायला सोपं, पण इथे सेकंदांचा हिशेब मांडावा लागतो. दूरसंचार नियामक ट्रायनं नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं आहे की कोणी उचललं नाही तर मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजेल आणि लँडलाइनची ६० सेकंद. म्हणजे फोन करणाऱ्याच्या हातात एकूण साठ सेकंद. आपली घंटी एका फेरीला तीन सेकंद घेते: ०.४ सेकंद आवाज, ०.२ शांतता, पुन्हा ०.४ आवाज आणि मग दोन सेकंद शांतता. टेबलावर चार घंट्या म्हणजे १२ सेकंद, काट्यावर चार म्हणजे १२. झाले २४. मोबाइलला पूर्ण ३० दिले तर ५४, आणि जोडणीला लागणाऱ्या वेळेसाठी सहा सेकंद उरतात. कारखान्यातून आलेली वेळ मात्र प्रत्येक टप्प्याला तीस सेकंद होती. काट्यावरची घंटी संपेपर्यंत साठ सेकंद होऊन कॉल तुटायचा आणि मालकांच्या मोबाइलची पाळीच यायची नाही. ‘फॉरवर्ड चालू आहे पण फोन येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

हा हिशेब कधी लागू होतो तेही बघा. गेटवे बाहेरची लाइन केव्हा उचलतो, यावर ते अवलंबून. प्रोफाइलमध्ये दोन पर्याय असतात: घंटी आली की गेटवेनं लगेच लाइन उचलायची आणि मग आतला फोन वाजवायचा, किंवा आतल्या माणसानं उचलल्यावरच लाइन उचलायची. पहिल्यात साठ सेकंदांचं बंधन राहत नाही, पण कोणी उचललं नाही तरी कॉल लागलेला धरला जातो आणि शेतकऱ्याचे पैसे कटू शकतात. मी दुसरा पर्याय घेतो. कोणी बोललंच नाही तर त्याच्या खिशाला हात लागू नये. आणखी एक काळजी: नंबर दिसण्याची माहिती काही लाइनवर पहिल्या घंटीच्या आधी येते आणि काहींवर पहिल्या-दुसऱ्या घंटीच्या मधे. दुसरी घंटी येईपर्यंत गेटवेनं थांबावं असं लावलं तर दोन्ही पकडले जातात. कापूस घेणाऱ्याला मिस कॉलचा नंबर दिसणं किती मोलाचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मोबाइलवर फॉरवर्ड करताना तो कॉल दुसऱ्या तांब्याच्या लाइनवरून बाहेर पाठवू नका, शक्य असेल तर इंटरनेटच्या एसआयपी लाइनवरून पाठवा. तांब्याच्या लाइनवर नंबर फिरवला की गेटवेला समोरच्यानं उचललं की नाही हे सहसा कळत नाही. तो लगेच ‘उचललं’ असं समजतो, आणि त्यानंतर कॉल आणखी पुढे सरकत नाही. शिवाय एका शेतकऱ्याच्या बोलण्यात दोन्ही लाइन अडकतात. तसं करणं भागच असेल तर हा टप्पा अगदी शेवटी ठेवा.

बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी डायल प्लॅन असतो. बटणं दाबल्यावर नंबर पुरा झाला हे गेटवेनं कसं ओळखायचं? त्याला पॅटर्न सांगतात. आपल्या देशातली रचना इथे मदतीला येते. शून्य सोडून एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा आकडे होतात. जळगावचा कोड ०२५७, म्हणून तिथले नंबर सात आकडी. धुळ्याचा ०२५६२, शिरपूरचा ०२५६३, म्हणून इथले सहा आकडी. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना पुढे शून्य लावावं लागतं. त्यामुळे एकच शून्य लावून सुरू होणारा नंबर, मग तो जळगावचा असो की कोणाचा मोबाइल, अकरा आकडे झाले की पुरा. गेटवेला सांगा: शून्य, त्यानंतर शून्य सोडून कोणताही आकडा, आणि एकूण अकरा झाले की वाट न बघता लाव. दोन किंवा त्यापुढच्या आकड्यानं सुरू होणारे स्थानिक नंबर सहा झाले की लाव. आतल्या फोनच्या छोट्या नंबरांना (एक्स्टेन्शन) स्थानिक नंबर ज्यानं सुरू होत नाहीत असा आकडा द्या. तिथे सगळे लँडलाइन २ नं सुरू होत होते, म्हणून आम्ही आतले फोन ३०१, ३०२ असे ठेवले.

लोकांना मोबाइलची सवय, ते शून्य न लावता दहा आकडे दाबतात. सहा ते नऊनं सुरू होणारे दहा आकडे आले तर पुढे शून्य गेटवेनंच जोडावं, असा नियम टाकला. मात्र स्थानिक नंबरांचा सहा आकडी नियम अशा वेळी फक्त २ नं सुरू होणाऱ्या नंबरांपुरता ठेवावा लागतो, नाहीतर मोबाइलचे पहिले सहा आकडे दाबताच भलताच फोन लागेल. ११२ आणि १०८ हे तीन आकडे होताच लगेच गेले पाहिजेत, आणि तेही तिथल्याच तांब्याच्या लाइनवरून, कारण त्या लाइनच्या नोंदीवर शिरपूरचा पत्ता आहे. जिनिंगमध्ये आगीची भीती कायम असते, म्हणून १०१ देखील याच यादीत. हा नियम बसवल्यावर तो कागदावर बघून समाधान मानू नका. ज्या लाइनवरून कॉल बाहेर जातो तिच्यावर निदान एक साधा नंबर लावून रस्ता बरोबर आहे ना ते तपासा.

आवाज कसा पाठवायचा, त्याला कोडेक म्हणतात. जी.७११ मध्ये आवाज जसाच्या तसा, ६४ किलोबिट प्रतिसेकंद. जी.७२९ मध्ये तोच आवाज दाबून ८ किलोबिट. वाटतं आठपट बचत झाली, पण प्रत्येक पाकिटावर पत्त्याचे ४० बाइट असतात आणि जी.७२९ च्या पाकिटात माल फक्त २० बाइटचा. दाण्यापेक्षा बारदान जड! हिशेब केला तर जी.७११ ला ८० आणि जी.७२९ ला २४ किलोबिट लागतात, एका दिशेनं एका कॉलला. चार कॉल म्हणजे ३२० विरुद्ध ९६. फायबर असेल तर जी.७११ च ठेवा, आणि त्यातला ‘ए-लॉ’ हा प्रकार, कारण भारतात तोच चालतो. मोबाइल डेटावर गेटवे चालवायची वेळ आली तरच जी.७२९ पुढे आणा.

जी.७२९ घेतलं तर बटणांकडे लक्ष द्या. ‘मराठीसाठी एक दाबा’ वाल्या सेवा बटणाचे सूर ऐकतात. पाचचं बटण म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकत्र. आवाज दाबताना हे सूर वाकडे होतात आणि समोरच्या यंत्राला कळत नाहीत. म्हणून बटण आवाजातून न पाठवता ‘पाच दाबलं’ असा वेगळा निरोप पाठवायचा, पानावर त्याला आरएफसी २८३३ किंवा ४७३३ असं लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांना हेच हवं. एक दाबल्यावर समोर अकरा उमटत असतील तर बटण दोन्ही वाटांनी जातंय असं समजा. फॅक्स अजून कोणी वापरत असेल तर त्या पोर्टला टी.३८ चं (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या पद्धतीचं) वेगळं प्रोफाइल द्या, एवढं पुरे.

मग रात्र. आठनंतर दिवाणजी घरी जातात, काट्यावर मात्र गाड्या येतच असतात. म्हणून दोन प्रोफाइल केली: दिवसाचं आधी टेबलावर वाजवणारं, रात्रीचं थेट काट्यावर. हंगाम संपल्यावरचं तिसरं. ते थेट मालकांकडे जातं, कारण तेव्हा काट्यावर कोणी बसत नाही. यात एक खोच आहे. स्वस्त गेटवेमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. लाइट गेली की घड्याळ मागे कुठेतरी जाऊन बसतं, आणि भर दुपारी रात्रीचं प्रोफाइल चालू होतं. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू करा, फरक ५ तास ३० मिनिटं असा भरा, आणि गेटवे व राउटर दोघांना एक छोटा यूपीएस द्या. अर्थिंगही बघा. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पहिल्या वळवाच्या विजेत पोर्ट जातात. त्या खड्ड्यात महिन्यातून दोनदा पाणी घालायला सांगून ठेवा.

सुरक्षेचं थोडक्यात, पण मनापासून सांगतो. गेटवेसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. गेटवेचा ५०६० नंबरचा दरवाजा सगळ्या इंटरनेटला उघडा ठेवू नका, फक्त आपल्या सेवा देणाऱ्याच्या पत्त्यालाच आत येऊ द्या. दोन शून्यांनी सुरू होणारे परदेशी कॉल करायची गरज नसेल तर ते प्रोफाइलमध्येच बंद करा. उघडा गेटवे चोरांना सापडला तर एका रात्रीत परदेशी कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. आणि कोणी आमिष दाखवून ‘तुमच्या लाइनवर आमचे परदेशातले कॉल सोडू द्या’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. तो कायद्यानं गुन्हा आहे आणि लाइन तुमच्या नावावर आहे. एसआयपी लाइनही परवानाधारक कंपनीकडूनच घ्या.

त्या संध्याकाळी निघण्याआधी वहीतलं पान फाडून पेटीच्या दाराला आतून चिकटवलं: टेबल १२, काटा १२, मोबाइल ३०, टोन ४०० हर्ट्झ, ७५०, ७५०, फेऱ्या चार. साडेआठ वाजता फाटकाबाहेर थांबून मी मोबाइलवरून नंबर लावला. टेबलावरचा फोन गप्प राहिला आणि पलीकडे काट्याच्या खोलीत पहिली घंटी वाजली. तिथे फोन उचलला गेल्यावर मी माझा ठेवला, मनात सहा मोजले आणि पुन्हा लावला. लाइन मोकळी होती.